पिंजऱ्यातली पैदास आणि रानातले घर

'दुर्मिळ प्राण्यांचे रक्षण कसे करता येईल?' हा प्रश्न आपल्या शाळांतून वर्षानुवर्षे विचारला जातो आणि त्याचे उत्तरही ठरून गेलेले आहे. अभयारण्ये स्थापन करावीत, प्राणिसंग्रहालयांत दुर्मिळ प्राण्यांची पैदास करावी आणि संख्या वाढली की त्यांना पुन्हा रानात सोडावे. तीन वाक्ये, तीन गुण. मुले ते पाठ करतात, आपण त्यावर बरोबरची खूण करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

या उत्तरातले एकही वाक्य खोटे नाही. तरीही ते उत्तर अपुरे आहे, इतकेच नव्हे तर त्यामुळे मुलांची दिशाभूल होते असे आमचे मत आहे. प्राणी म्हणजे गोदामातला माल. कमी पडला की कारखान्यात तयार करायचा आणि रिकाम्या फळीवर नेऊन ठेवायचा, अशी समजूत त्यातून होते. प्राणी का कमी झाला, हा पहिला प्रश्न त्या उत्तरात येतच नाही.

हे उत्तर तपासून पाहण्यासाठी आपण माकडांपासून सुरुवात करू. माकड हे हुशार, कळपात राहणारे आणि आईबापांकडून पुष्कळ काही शिकणारे जनावर आहे. पिंजऱ्यात जन्मलेल्या प्राण्याला रानात सोडताना काय अडते ते माकडाच्या बाबतीत फार स्पष्ट दिसते. तेथून मग आपल्या नगर जिल्ह्याकडे येऊ.

सोनेरी टॅमरिनचा धडा

गोल्डन लायन टॅमरिन हे ब्राझीलमधले माकड. वजन जेमतेम अर्धा-पाऊण किलो, अंगावर सोनेरी-तांबूस केस आणि चेहऱ्याभोवती सिंहासारखी आयाळ. रिओ दि जानेरो राज्यात अटलांटिक किनाऱ्यालगतच्या सखल अरण्यात ते राहते. शेती, कुरणे आणि शहरे वाढत गेली तसे हे अरण्य तुटत गेले. शिवाय पाळण्यासाठी आणि प्रदर्शनासाठी ही माकडे पकडली जात होतीच. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रानात ती दोनशेच्या आसपासच उरली असावीत, असा अंदाज होता.

प्राणिसंग्रहालयांतली स्थितीही चांगली नव्हती. माद्यांना पिल्ले होत, पण पुष्कळदा ती जगत नसत. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील डेव्हरा क्लायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माकडांच्या कौटुंबिक जीवनाचा बारकाईने अभ्यास केला. टॅमरिनच्या कुटुंबात पिल्ले पाठीवर वागवण्याचे काम बाप आणि थोरली भावंडेही करतात. धाकट्या भावंडांना सांभाळण्याची संधी ज्यांना मिळालेली नसते, त्यांना पुढे स्वतःची पिल्ले वाढवणे अवघड जाते. म्हणून कुटुंबे न मोडता ठेवली गेली, आहार सुधारला गेला, कोणाची जोडी कोणाशी लावायची हे वंशनोंदी पाहून ठरू लागले. संख्या वाढून काही शेकड्यांवर गेली. प्राणिसंग्रहालयात उत्तम विज्ञान होऊ शकते याचे हे उदाहरण आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

१९८४ साली संग्रहालयांत जन्मलेली पहिली टॅमरिन माकडे ब्राझीलमधील पोसो दास अंतास या राखीव वनात सोडण्यात आली. तेव्हा लक्षात आले की, या माकडांना रानात राहणेच येत नव्हते. पिंजऱ्यातल्या पक्क्या दांड्यांवर वाढलेल्या माकडांना वाऱ्याने हलणाऱ्या, वजनाने वाकणाऱ्या फांद्यांवरून जाता येईना. ताटलीत कापलेली फळे खाण्याची सवय असलेल्यांना पानांच्या बेचक्यात हात घालून किडे शोधायचे सुचेना. काही वाट चुकली, काही उपाशी राहिली, काही शिकारी प्राण्यांच्या तोंडी गेली. सोडलेल्यांपैकी बहुतेक फार काळ जगली नाहीत.

सोडण्याआधी त्यांना शिकवून पाहिले गेले. संग्रहालयाच्या आवारात झाडांवर मोकळे ठेवून पाहिले गेले. पण शास्त्रज्ञांना पुढे असे दिसून आले की, या पूर्वतयारीचा जगण्यावर फारसा परिणाम होत नाही. सोडल्यानंतर महिनोन्‌महिने त्यांच्या मागे फिरून अन्न, आसरा आणि मदत देण्याचा उपयोग मात्र होतो. त्या काळात काही जोड्यांना रानातच पिल्ले होत. ही पिल्ले हलत्या फांद्यांवरच वाढत आणि ती व्यवस्थित जगत. थोडक्यात, पिंजऱ्यातून आलेली पिढी बहुतांशी गमावून पुढची पिढी मिळाली. २००० सालापर्यंत दीडशेच्या आसपास माकडे अशी सोडली गेली आणि पुढे रानातल्या टॅमरिनपैकी सुमारे एक तृतीयांश त्यांच्याच वंशातली आहेत, असे मोजण्यात आले.

मग पैदास यशस्वी झाली म्हणायची की नाही? झाली. पण सोबत आणखी काय काय झाले तेही पाहिले पाहिजे. अरण्याचे तुकडे राखले गेले. खाजगी जमीनदारांनी आपल्या जमिनीवरची वने राखीव केली. लहान लहान तुकड्यांत अडकून पडलेल्या सहा टोळ्यांतली ४२ रानटी माकडे १९९४ ते १९९८ या काळात दुसऱ्या मोठ्या वनात हलवण्यात आली. तुकडे जोडण्यासाठी झाडांचे पट्टे लावले गेले. २०२० साली तर एका महामार्गावर झाडे लावलेला पूलच बांधला गेला. २०१४ च्या सुमारास रानातली संख्या ३,७०० च्या आसपास होती. नंतर पीतज्वराच्या साथीने ती २,५०० पर्यंत खाली आली आणि २०२३ च्या गणनेत ४,८०० च्या आसपास पोहोचली. अरण्य शिल्लक होते म्हणूनच ती अशी परत उभी राहू शकली.

सिंहपुच्छ माकड कशामुळे वाचले?

आपल्या सह्याद्रीतले दुर्मिळ माकड म्हणजे सिंहपुच्छ माकड. काळे अंग, चेहऱ्याभोवती राखाडी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतील सदाहरित अरण्यांत ते राहते आणि शक्यतो झाडांवरून खाली उतरत नाही. रानातली त्यांची संख्या चार हजारांहून कमी आहे असे मानले जाते. चेन्नईजवळ वंडलूरच्या प्राणिसंग्रहालयात, तसेच देशातील व परदेशातील इतर संग्रहालयांत त्यांची पैदास केली जाते.

परंतु या माकडाच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना कोणत्याही संग्रहालयात घडलेली नाही. केरळातील पालक्काड जिल्ह्यात सायलेंट व्हॅली नावाचे खोरे आहे. तेथे कुंतीपुळा नदीवर धरण बांधून वीज निर्माण करण्याची योजना १९७० च्या दशकात पुढे आली. धरणाने खोऱ्यातले सदाहरित अरण्य बुडणार होते आणि सिंहपुच्छ माकडाचे एक महत्त्वाचे घर नाहीसे होणार होते. त्याविरुद्ध लोकमत तयार करण्यात केरळ शास्त्र साहित्य परिषद आघाडीवर होती. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनी लेख लिहिले, परिषदेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली. या कार्यकर्त्यांत शाळा-महाविद्यालयांतले शिक्षक मोठ्या संख्येने होते. वीज किती मिळणार, ती दुसऱ्या मार्गाने मिळेल का, याचाही हिशेब परिषदेने मांडला. अखेर १९८३ साली योजना सोडून देण्यात आली आणि १९८४ साली सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली.

धरण झाले असते आणि तेथली माकडे पकडून संग्रहालयात ठेवली असती, तर आपल्या ठराविक उत्तराप्रमाणे त्यांचे 'रक्षण' झाले असते. संख्याही कदाचित वाढली असती. पण त्यांना सोडायचे कुठे?

आपल्याकडचे माकड

आता घराजवळ येऊ. मराठीत आपण काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या जनावराला वानर म्हणतो आणि लालसर तोंडाच्याला माकड. पण लाल तोंडाची माकडेही दोन जातींची असतात. उत्तर भारतातले ते ऱ्हीसस. दक्षिण भारतातले ते बॉनेट. बॉनेटच्या डोक्यावर मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे केस असतात आणि त्याची शेपटी ऱ्हीससपेक्षा बरीच लांब असते. या दोन जातींच्या मुलखांची जुनी सीमा पश्चिमेकडे तापी आणि पूर्वेकडे गोदावरी अशी मानली जाई. अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, तापीच्या दक्षिणेला, बॉनेटच्या बाजूला येतो.

बेंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की, ऱ्हीसस माकड या सीमेच्या दक्षिणेकडे सरकत आहे आणि बॉनेटचा मुलूख आक्रसत आहे. ज्याला आपण गल्लीबोळातले उपद्रवी जनावर समजतो, ते बॉनेट माकड आज जागतिक यादीत 'असुरक्षित' गटात गेले आहे. हे माकड फक्त दक्षिण भारतातच आढळते, जगात दुसरीकडे कुठेही नाही.

आणि आपण काय करतो? गावात माकडांचा त्रास वाढला की पकडणारी माणसे बोलावली जातात, टोळी पिंजऱ्यात भरली जाते आणि दूरच्या घाटात किंवा अभयारण्यात सोडली जाते. याला आपण 'पुनर्वसन' म्हणतो. ज्या जागी सोडली तेथे दुसरी टोळी आधीच राहते का, सोडलेली माकडे ऱ्हीसस की बॉनेट, त्यांच्याबरोबर कोणता रोग गेला, टोळीतल्या किती माद्या व पिल्ले मागे राहिली, हे सहसा कोणी पाहत नाही. भाकरीच्या तुकड्यांवर आणि देवळातल्या नारळावर वाढलेली माकडे घाटात टिकत नाहीत; ती जवळचे दुसरे गाव शोधतात. त्रास फक्त एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो.

माकडांबाबत अशी नीट नोंद आपल्याकडे क्वचितच ठेवली जाते. पण बिबट्याबाबत ती ठेवली गेली आहे, आणि तीही आपल्याच जिल्ह्यात व शेजारी. पुणे जिल्ह्यातील जुन्नर वनविभागात २००१ नंतर शेतांतून शंभराहून अधिक बिबटे पकडले गेले आणि त्यांपैकी बरेचसे लांब नेऊन सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला. आधीच्या काळात वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत होते; हलवाहलवी सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. त्यांतल्या प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. उपाय म्हणून जे केले त्यानेच दुखणे वाढले.

२००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात ठिकाण कळवणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले गेले. वयस्क दिसतो म्हणून संशोधकांनी त्याचे नाव 'आजोबा' ठेवले. आजोबा घाटात राहिला नाही. महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईलगतच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात गेला. २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. पुढे त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला, त्यामुळे ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. ती सांगताना एवढे जरूर सांगावे: आपण नकाशावर बोट ठेवून 'हे तुझे घर' म्हटल्याने ते जनावराचे घर होत नाही.

कर्जतचा माळ

आता उरला पैदाशीचा प्रश्न. तोही आपल्या जिल्ह्याला फार जवळून लागू आहे.

कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळविटांचे अभयारण्य आहे. १९८० साली ते स्थापन झाले. क्षेत्रफळ अवघे २.१७ चौ. कि. मी. सुरुवातीला तेथे मूठभर काळविटे होती. शिकार थांबली, गवत राखले गेले आणि त्यांची संख्या शेकड्यांवर गेली. येथे कोणीही पिंजरा बांधला नाही. पण इतक्या लहान जागेत ती मावणार कशी? ती भोवतालच्या शेतांत चरायला जातात आणि शेतकऱ्याचे नुकसान होते. जमिनीचा तुकडा लहान आणि सुटा असला की यश मिळूनही अडचण होते. ब्राझीलमध्ये झाडांचे पट्टे का लावावे लागले ते रेहेकुरी पाहून चांगले समजते.

त्याच माळावरचा दुसरा रहिवासी म्हणजे माळढोक. उंच मानेचा हा भारदस्त पक्षी. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,५०० चौ. कि. मी. चे अभयारण्य जाहीर झाले. कर्जत, श्रीगोंदे, नेवासे या तालुक्यांतली जमीन त्यात होती. म्हणजे कागदावर गावे, शेते, बाजारपेठा सगळेच अभयारण्यात आले. लोकांना जमिनीच्या व्यवहारांत अडचणी आल्या आणि ज्या पक्ष्याला त्यांच्या आजोबांनी सहज सांभाळले होते, त्याच्याविषयी मनात अढी बसली. पुढे हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौ. कि. मी. वर आणले गेले. तोपर्यंत माळाचे पाणी आणि पीक बदलले होते. जेथे ज्वारी आणि गवत होते तेथे ऊस आला, वर विजेच्या तारा आल्या. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही. जड शरीरामुळे तारेसमोर आल्यावर झटकन वळताही येत नाही. आज देशात रानातले माळढोक दीडशेच्याही आत आहेत आणि जवळजवळ सगळे राजस्थानात आहेत. आपल्या माळावर तो नाहीसा झाल्यातच जमा आहे.

राजस्थानात जैसलमेरजवळ सम येथे २०१९ पासून आणि नंतर रामदेवरा येथे माळढोकाची पैदास सुरू झाली आहे. रानातली अंडी काळजीपूर्वक आणून उबवली गेली. २०२४ साली कृत्रिम रेतनाने पिल्लू जन्माला आले. २०२५ पर्यंत या केंद्रांतल्या पक्ष्यांची संख्या साठाहून अधिक झाली. हे काम कठीण आहे, आवश्यक आहे, आणि ते झाले नसते तर कदाचित सगळेच संपले असते. आमची टीका या केंद्रांवर नाही.

आमची टीका आहे ती त्या बातमीने निश्चिंत होणाऱ्या आपल्यावर. माणसाच्या हातावर वाढलेले हे पक्षी उद्या माळावर सोडायचे ठरले तर टॅमरिनच्याच अडचणी येतील. त्यांना कोल्ह्याकुत्र्यापासून दूर राहायला कोण शिकवणार? आणि मुख्य म्हणजे, सोडायला माळ कुठे आहे? पुन्हा वसवण्याविषयी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाची जी मार्गदर्शक तत्त्वे आहेत त्यांत ही अट स्पष्ट आहे: प्राणी ज्या कारणाने नाहीसा झाला ते कारण आधी दूर झालेले असावे. आपण नेमके याच्या उलट चाललो आहोत. महसुली कागदांत गवताळ माळाला 'पडीक' म्हणतात. पडीक म्हटले की तेथे काहीही करायला मोकळीक मिळते.

येथे आपल्या शाळांचाही थोडा दोष आहे, तो मान्य केला पाहिजे. पावसाळा आला की आपण मुलांना घेऊन माळावर झाडे लावायला जातो. हेतू चांगला असतो. पण माळ हे उजाड झालेले जंगल नव्हे. कमी पावसाच्या प्रदेशातली ती स्वतंत्र निसर्गरचना आहे. गवत, टोळ, सरडे, लांडगा, काळवीट, माळढोक यांचे ते घर आहे. तेथे ओळीने झाडे लावली की उघड्यावर राहणाऱ्या पक्ष्याचे घर जाते. झाडे शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, गावठाणात जरूर लावावीत. माळावर गवतच वाढू द्यावे.

मग उत्तर कसे लिहावे?

ठराविक उत्तर खोडून टाकण्याची गरज नाही, फक्त त्याचा क्रम बदलावा. कोणत्याही दुर्मिळ प्राण्याविषयी मुलांनी पुढचे पाच प्रश्न या क्रमाने विचारावेत. तो कमी का झाला? ते कारण दूर झाले आहे का? जेथे सोडायचे तेथे आधी कोण राहते: त्याच जातीचे प्राणी, दुसरी जात, की माणसे? त्या माणसांचे त्यात काय जाते आणि त्यांना विचारले आहे का? आणि शेवटी, रानात जगायला त्याला कोण शिकवणार? या पाचांची उत्तरे असतील तर पैदास उपयोगी पडते. ती नसतील तर संग्रहालयात फक्त संख्या वाढते.

वर्गात करण्यासारखी एक गोष्ट सुचवतो. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातल्या वयस्क माणसांना विचारून एक तक्ता करावा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी गावाच्या शिवारात कोणते प्राणी-पक्षी दिसत, ते शेवटचे कधी दिसले, आणि त्या जागी आज काय आहे? कर्जत-श्रीगोंद्याकडच्या मुलांना कदाचित माळढोक पाहिलेले आजोबा भेटतील. अकोल्याच्या मुलांनी वानर आणि माकड यांच्या टोळ्या मोजाव्यात. माकडांच्या डोक्यावरचे केस आणि शेपटीची लांबी पाहून जात ओळखावी. अशा नोंदी दरवर्षी ठेवल्या तर पाच-दहा वर्षांत शाळेकडे मोलाची माहिती जमा होईल. मग 'दुर्मिळ प्राण्यांचे रक्षण कसे कराल?' या प्रश्नाचे उत्तर लिहिताना मुलांना पाठांतराची गरज पडणार नाही. ती आपल्या शिवारापासून सुरुवात करतील, आणि त्या उत्तराला आपण पूर्ण गुण द्यावेत.